घरातली ‘ती’ आजारी पडली तर?

‘पुन्हा तो साथीचा विषय नको बाई! आत्ता कुठे जरा मोकळा श्वास घेतोय...’ फ्लूच्या महासाथीचं नाव काढलं की बहुतेक मैत्रिणींची पहिली प्रतिक्रिया हीच असते. आणि ती चुकीची आहे असं तरी कसं म्हणायचं? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी एकही घर कोरडं सोडलं नाही. कुणाचं माणूस गेलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलांची शाळा मोबाइलच्या पडद्यावरच उरकली. मग हळूहळू मास्क कपाटाच्या तळाशी गेले, ऑक्सिमीटरचे सेल संपले, सॅनिटायझरच्या बाटल्या कचऱ्यात गेल्या. विषय संपला!

खरंच संपला? करोना हा फ्लू नव्हता. तो वेगळ्या घराण्यातला विषाणू. फ्लूचं घराणं निराळं आणि त्याचा दरारा जुना आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फ्लूनं चार वेळा सगळं जग वेठीला धरलं. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९. या सनांमधली अंतरं पाहा. एकदा ३९ वर्षं, एकदा ११, एकदा ४१. म्हणजे याला ना वेळ, ना काळ. पुढची साथ कधी येईल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती येणारच नाही, असं मात्र जाणकार म्हणत नाहीत.

म्हणूनच सगळं शांत असताना, घाबरून न जाता, चहाचा कप हातात घेऊन या विषयावर बोलायला हवं. आणि आपण बायकांनी तर बोलायलाच हवं. कारण साथ कुठलीही असो, उशाशी बसणारी, काढा उकळणारी, अंथरुणं बदलणारी बहुतेक घरांत बाईच असते. मग तीच आडवी झाली तर? साथीच्या तयारीतला खरा प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच आपण विचारत नाही.

साधा फ्लू आणि महासाथ

आपल्याकडे नाक गळलं तरी ‘फ्लू झालाय’ म्हणायची पद्धत आहे. साधी सर्दी आणि फ्लू यांत पुष्कळ फरक आहे. सर्दी हळूहळू येते, नाकाशी खेळते आणि जाते. फ्लू अचानक गाठतो. सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळी तापानं फणफणतं, अंग ठणकतं, कोरडा खोकला येतो, उठून पाणी प्यायचंही त्राण राहत नाही.

हा फ्लू दरवर्षी येतो. आपल्याकडे पावसाळ्यात जास्त आणि पुन्हा थंडी सरता सरता. त्याचा विषाणू दरवर्षी थोडा थोडा बदलतो. रोज दारावर येणारा माणूस नवी टोपी घालून आला, तर क्षणभर फसायला होतं, पण चेहरा ओळखीचा वाटतो ना? तसंच आपलं शरीर या बदललेल्या विषाणूलाही थोडंफार ओळखतं. आजारपण येतं, पण निभावून जातं.

कधीतरी मात्र साफ परका पाहुणा येतो. फ्लूचे विषाणू पक्ष्यांत असतात, डुकरांत असतात, माणसांतही असतात. दोन निरनिराळे विषाणू एकाच प्राण्याच्या शरीरात एकत्र आले की त्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. त्याला आपल्यापैकी कुणाचंच शरीर ओळखत नाही आणि तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरू लागला, की ती झाली महासाथ. म्हणून कोंबड्यांत बर्ड फ्लू आला की सरकार एवढी धावपळ करतं. भारतातली त्याची पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. तिथे माणसाला लागण झाली नाही. पण या विषाणूवर जगभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं, ते याच भीतीपोटी.

मानमोडीची गोष्ट

१९१८ च्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणायचे. नावातच सगळं आलं! मुंबईत ती जूनमध्ये आली. काही पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, १० जूनला तापानं रुग्णालयात दाखल झाले, ही तिची सुरुवातीची नोंद. पहिली लाट त्या मानानं सौम्य होती. लोकांना वाटलं, सुटलो. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती काळ होऊनच. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. देशभरातले अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असं त्या एकदाच झालं.

या साथीचं एक वैशिष्ट्य होतं. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना गाठतो. मानमोडीनं वीस ते चाळीस वयाची, भरल्या संसारातली माणसं नेली. आणि दुसरी गोष्ट आपल्याला चटका लावणारी. भारतात त्या वेळी पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात दगावल्या. असं का झालं असेल? अभ्यासक जी कारणं सांगतात ती समजायला आपल्याला पुस्तक उघडायची गरज नाही. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, धान्य महागलं होतं आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई आधीच अशक्त झालेली होती. घरात माणसं आजारी पडली तेव्हा तीच बंद, कोंदट खोलीत रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसली. स्वतःला ताप भरला तरी चूल पेटवायला उठली. तिला विश्रांती कोण देणार? तिच्या तोंडात पाणी कोण घालणार?

शंभर वर्षं उलटून गेली. चूल जाऊन गॅस आला. पण ताप अंगावर काढायची आपली सवय गेली का हो?

पुण्यानं काय शिकवलं?

२००९ च्या स्वाइन फ्लूची आठवण पुणेकरांना वेगळी करून द्यायला नको. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात शाळेत जाणारी एक १४ वर्षांची मुलगी दगावली. देशातला तो पहिला बळी. आणि मग भीतीनं शहराचा ताबा घेतला. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. शाळा-कॉलेजं, सिनेमागृहं, मॉल काही दिवस बंद राहिले. मास्कचे भाव वाढले. कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या रुमालात बांधून माणसं हुंगत फिरू लागली. त्या वर्षी गणपतीही सावटाखालीच बसले.

गंमत म्हणजे, साधा ताप आलेली माणसंही घाबरून तपासणीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहत होती. म्हणजे ज्याला लागण झालेली नाही, तो लागण झालेल्यांच्या गर्दीत जाऊन उभा! अखेर केंद्राच्या आरोग्य खात्यानं रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट केले. सौम्य ताप-खोकला असेल तर घरीच थांबा, तपासणीची गरज नाही. ताप जास्त असेल किंवा रुग्ण जोखमीचा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घ्या. धाप लागली, शुद्ध हरपू लागली तर मात्र थेट रुग्णालय गाठा. ही साधी विभागणी आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या साथीत एक गोष्ट जगभर दिसली. गरोदर बायकांना हा आजार जास्त जड जात होता. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनाही. आणि आणखी एक. भारतात तयार झालेली लस हाती यायला २०१० चा जून-जुलै उजाडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलैत आली. म्हणजे साथ जाहीर झाल्यावर वर्षभर! करोनाच्या वेळी हा काळ कमी झाला, तरी काही महिने गेलेच. या मधल्या महिन्यांत आपल्याला वाचवतं ते आपलं वागणं आणि आपला शेजार.

शेजार म्हणजे काय, हे २०२० मध्ये धारावीनं दाखवलं. जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, लाखो माणसं, एका खोलीत आठ-दहा जण, संडास सार्वजनिक. एप्रिलमध्ये पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण पालिकेची माणसं, खासगी डॉक्टर आणि वस्तीतले कार्यकर्ते घरोघर गेले. ताप तपासायची शिबिरं लागली, शाळा-सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली, तिथे जेवण मिळालं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धारावीचं उदाहरण दिलं. खेडोपाडी हेच काम आशाताईंनी केलं, तेही तुटपुंज्या मानधनावर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, तो उगाच नाही.

आणि दुसरीकडे? चकचकीत सोसायट्यांमध्ये ड्युटीवरून परतणाऱ्या नर्सला जिन्यात अडवलं गेलं. घरकामाच्या बायकांना फाटकातूनच परत पाठवलं गेलं, अनेकींना त्या महिन्यांचा पगारही मिळाला नाही. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजोबांना औषध कोण आणून देणार, हे खालच्या मजल्यावर ठाऊक नव्हतं.

तयारी म्हणजे साठेबाजी नव्हे

तयारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पीठ-तांदूळ, साबण आणि औषधांचे ढीग येतात. महिनाभराचं वाणसामान आणि रोजच्या गोळ्यांचा पुरवठा घरात असावा, एवढं ठीक. त्यापुढची खरी तयारी एका शंभर पानी वहीत मावते. आपल्या इमारतीची, वाड्याची, गल्लीची वही.

समजा, तुमच्या इमारतीत चाळीस घरं आहेत. एका रविवारी चार-पाच जणींनी मिळून चौकशी केली, तर ही वही दोन तासांत होते. एकटे राहणारे ज्येष्ठ कोण? त्यांची मुलं कुठे असतात, त्यांचा फोन कोणता? डायलिसिसला कोण जातं? गरोदर कोण आहे? कुणाच्या घरी एकच मोठं माणूस आणि लहान मुलं आहेत? गाडी कुणाकडे आहे आणि रात्री-अपरात्री चालवायला कोण तयार आहे? नर्स, डॉक्टर, औषध दुकानदार कुणी आहेत का? माहिती विचारूनच घ्यायची, कुणी नको म्हटलं तर सोडून द्यायचं आणि ही वही एका-दोघींकडेच ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणाच्या आजाराचा डांगोरा पिटायचा नाही, हा पहिला नियम.

मग घरांच्या जोड्या लावायच्या. तुमच्या घरी सगळे आजारी पडले तर समोरच्यांनी दाराबाहेर डबा ठेवायचा, त्यांच्याकडे झालं तर तुम्ही. दिवसातून दोनदा फोन. बस, एवढंच! पण एकटं राहणाऱ्याला तो फोन औषधाइतकाच मोलाचा.

आणि घरकामाच्या ताईंचं काय? ताप असतानाही त्या कामावर येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यांना आणि त्यांनी ज्यांच्या-ज्यांच्याकडे भांडी घासली त्या सगळ्यांना हे महागात पडतं. ‘ताप असेल तर येऊ नका, पगार कापणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा. माणुसकी तर आहेच, पण साथ रोखायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

यासाठी नवी समिती, नवं मंडळ काढायला नको. आपली भिशी आहे, भजनी मंडळ आहे, हळदीकुंकवाची यादी आहे. गावात बचत गट आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी काय चाललंय, हे या बायकांना तोंडपाठ असतं. एरवी त्याला गप्पा म्हणून हसतात. साथीत याच गप्पा कामाला येतात!

घरात कुणी आजारी पडलं तर...

फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून, पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. म्हणून एवढं पाळा.

* रुग्णाला शक्यतो वेगळी खोली द्या. एकच खोली असेल तर खिडकीजवळ झोपवा आणि खिडकी उघडी ठेवा. ‘वारं लागेल’ म्हणून सगळं बंद करू नका. कोंडलेल्या हवेत विषाणू जास्त पसरतो.
* सेवा एकानंच करावी. त्या व्यक्तीला दमा, मधुमेह नसावा, ती गरोदर नसावी. जवळ जाताना दोघांनीही मास्क लावावा.
* हात साबणानं वीस सेकंद धुवा. रुग्णाची भांडी, कपडे नेहमीच्या साबणानं धुतले तरी चालतं. भांडी फेकायची गरज नाही.
* पेज, वरणाचं पाणी, ताक, सूप असं काहीबाही सतत पोटात जाऊ द्या. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.
* मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नका. ती जिवाणूंवर चालतात, फ्लूच्या विषाणूवर नाही.
* फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. म्हणून जोखमीच्या व्यक्तीसाठी ‘उद्या बघू’ म्हणू नका.
* धाप, छातीत दुखणं, गुंगी, ओठ-नखं निळसर होणं, बेडक्यात रक्त, ऑक्सिजन ९४ च्या खाली, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. ताप उतरून बरं वाटल्यावर पुन्हा चढला तरीही.
* मूल दूध-पाणी घेत नसेल, मलूल पडलं असेल किंवा भराभर श्वास घेत असेल तर थांबू नका. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त असतील तर ते धोक्याचं लक्षण आहे.

आणि हो, दरवर्षीची फ्लूची लस. ती नव्या महासाथीपासून पुरतं संरक्षण देईलच असं नाही. पण नेहमीच्या फ्लूपासून ज्येष्ठांना, गरोदर बायकांना, दमा-मधुमेहाच्या रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्याच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

तुमच्या जागी कोण?

आता मूळ प्रश्न. सगळ्यांना सांभाळणारी तीच पडली तर?

एक पान फक्त यासाठी ठेवा. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी कोणती, सकाळी की रात्री? धाकटीला कशाची अ‍ॅलर्जी आहे? गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, विम्याचे कागद, आधार कार्डं कुठे आहेत? आत्ता हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. तापानं ते डोकं काही दिवस बंद पडलं, तर घरही बंद पडेल. तेव्हा लिहून ठेवा आणि पान कुठे आहे ते सांगून ठेवा.

घरातल्या प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, कुकर लावता आला पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाला मुगाची खिचडी जमते. पन्नाशीच्या नवऱ्यालाही जमते, शिकवली तर! थर्मामीटर कसा लावायचा, ताप किती वाजता किती होता हे वहीत कसं टिपायचं, हेही दाखवून ठेवा. साथ नसताना, सुट्टीच्या दिवशी, हसतखेळत. महिन्यातला एक रविवार ‘आज आईला ताप आहे’ असं समजून घर चालवून बघा. कुठे अडतंय ते पहिल्याच रविवारी कळेल.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, अंगात कणकण असताना ‘मी आज उठणार नाही’ असं म्हणणं. हे बोलायला आपली जीभ अडखळते. सासूबाई काय म्हणतील, मुलं काय खातील? पण फ्लूच्या तापात ओट्याशी उभी राहिलेली बाई स्वतःचा आजार वाढवतेच आणि त्या स्वयंपाकाबरोबर घरभर वाटतेही. तेव्हा झोपून राहणं हा लाडाकोडाचा भाग नाही, घरच्यांची काळजी घेण्याचाच तो एक मार्ग आहे.

या रविवारी इमारतीची वही काढाल, तेव्हा ‘कुणाला मदत लागेल’ या पानावर काकूंचं, आजोबांचं, पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीचं नाव लिहालच. त्याच पानावर तुमचंही नाव लिहा आणि पुढे तुमच्याकडे कोण बघणार, तेही. आपल्या बायकांच्या याद्यांमधून हे एक नाव हमखास राहून जातं.